मला किती देता?

आमच्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, एक वेताची खुर्ची असते. बोलोन्यातली ही इमारत इतकी जुनी की लिफ्टला जागाच नाही. दगडी पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या सिन्योरा सकाळी बाजार करून येतात, पहिला मजला एका दमात चढतात, दुसरा कठड्याला धरून, आणि मग या खुर्चीत टेकतात. पिशवी मांडीवर, पिशवीतून वर आलेली सेलरीची जुडी हनुवटीपर्यंत. जाणाऱ्या-येणाऱ्याची दोन शब्द बोलल्याशिवाय सुटका नाही. जकात नाकाच तो.

सहा वर्षांपूर्वी मी इथे नवी होते. भाषा जेमतेम क्रियापदं चालवण्यापुरती. एकदा घाईघाईने खाली उतरत होते तर सिन्योरांनी हात वर करून थांबवलं, मान जरा तिरकी केली आणि विचारलं, ‘क्वांती मे ने दा?’ मी मनात शब्द लावले. ‘त्यातले मला किती देता?’ कशातले? मी त्यांच्या पिशवीकडे पाहिलं, मग माझी पर्स चाचपली. बाईंना सुटे हवे असतील. दोन युरोचं नाणं पुढे केलं. त्या हसल्या, इतक्या की सेलरी हलायला लागली. ‘युरो नव्हे बाई, वर्षं! वर्षं किती देता मला?’

मी सत्तर दिली. त्यांनी छाती किंचित पुढे काढली, आवाज बारीक केला आणि गुपित सांगावं तसं म्हणाल्या, ‘ओत्तांता.’ ऐंशी. दहा वर्षं वाचली होती त्यांची, माझ्या खर्चाने. माझं नाणं मात्र त्यांनी परत दिलं.

इटालियनच्या पहिल्याच धड्यात हा धक्का बसतो. इथे माणूस अमुक वर्षांचा नसतो, त्याच्याजवळ तेवढी वर्षं असतात. ‘क्वांती आन्नी आय?’ म्हणजे ‘तुझ्याजवळ किती वर्षं आहेत?’ घर असतं, कुत्रा असतो, भूक, झोप, घाई, सर्दी असते, त्याच क्रियापदाने. आणि एकदा वर्षं ही जवळची वस्तू म्हटली, की पुढचं सगळं ओघाने येतं. ती दुसऱ्याला देता येतात, जशी मी जिन्यात दिली. स्वतःची थोडी काढून ठेवता येतात. बायका ती काढतात असं पुरुष म्हणतात, आणि पुरुष किती काढतात ते त्यांच्या बायका सांगतात. कुणी म्हातारा ताठ चालत गेला की मागून शेरा येतो, ‘से ली पोर्ता बेने.’ वर्षं छान नेतोय. आता ‘पोर्तारे’ म्हणजे ओझं वाहून नेणं, आणि कपडा अंगावर घालणंही. त्यामुळे मला कधी तो म्हातारा डोक्यावर भारा घेऊन निघालेला दिसतो, तर कधी नीट बेतलेला कोट घालून निघालेला. दोन्हीतलं नेमकं काय म्हणायचं असतं, हे मी एक-दोघांना विचारून पाहिलं. त्यांना असा प्रश्न पडू शकतो याचंच नवल वाटलं. आपल्या भाषेत राहणाऱ्याला तिच्या भिंती दिसत नाहीत.

मलाही माझ्या दिसल्या नव्हत्या. इथे आल्यावर दिसायला लागल्या. मराठीत वय होतं. ‘त्यांचं वय झालं’ म्हटलं की आकडा विचारायची गरज नाही, म्हातारे झाले एवढं कळतं. जणू तोवर वय नव्हतंच; एके दिवशी ते झालं, आणि झालं ते झालं. नाहीतर ते लागतं. ठेच लागते, ऊन लागतं, नजर लागते, तसं चाळीसावं लागतं. आणि ते लागल्याची खूण म्हणून नाकावर चष्मा येतो, त्याचंही नाव चाळिशीच. दुसऱ्या कुठल्या भाषेने वयाचं नाव चष्म्याला दिलं असेल तर मला अजून भेटलेली नाही. पुढे पन्नाशी गाठायची, साठी ओलांडायची, सत्तरीला टेकायचं. मी सातारकडची, त्यामुळे हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर पसरणीचा घाट उभा राहतो. एसटी घरघर करत वळणं घेते आहे, खिडकीतून मागचं गाव खाली खाली जातंय, आणि कंडक्टर अजून पुढच्या थांब्याचं नाव घेत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या भाषेत आहे जी यांच्याकडे नाही. कुणी वयापेक्षा लहान दिसलं की आपण म्हणतो, वय चोरलंय. इटालियन नुसतं म्हणतात, ‘दाखवत नाही.’ चोरण्यातली मजा त्यात कुठली! सिन्योरांना मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘चोरलं म्हणजे कुणाकडून?’ मला उत्तर देता आलं नाही.

चाळिशीचं त्यांचंही एक प्रकरण आहे. वीसला वेंती, तीसला त्रेंता, पण चाळीसपासून क्वारांता, चिंक्वांता, सेस्सांता असं थेट नव्वदीच्या नोवांतापर्यंत सगळ्यांची शेपूट एकच, ‘आंता’. म्हणून चाळिशी लागलेल्याला म्हणतात, ‘आंतांमध्ये शिरलास.’ माझ्या केस कापणाऱ्या मुलीने आरशातून बघत मला हे सांगितलं होतं, अगदी सहज, कात्री चालू ठेवून. घरी येऊन शब्दकोश उघडला तर ‘आंता’चा आणखी एक अर्थ निघाला. खिडकीची झडप, कपाटाचं दार. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण त्या दिवसापासून कपाटाचं दार करकरलं की मला आकडे ऐकू येतात.

वर्गातल्या आमच्या मास्तरांनी दिलासा म्हणून दान्तेचा दाखला दिला होता. दान्तेने ‘कोन्वीव्यो’ या ग्रंथात आयुष्याचे चार भाग पाडले आहेत. पंचविसापर्यंत पौगंड, पंचवीस ते पंचेचाळीस तारुण्य, मग सत्तरीपर्यंत वार्धक्य, आणि त्याच्यापुढे राहिलंच तर जराजर्जर शेवट. आयुष्य म्हणजे कमान आणि तिचा माथा पस्तिसाव्या वर्षी. त्याच्या महाकाव्यातला तो अरण्यात वाट चुकतो तेही 1300 साली, म्हणजे 1265चा जन्म धरला तर नेमका त्या माथ्यावर. आम्ही सगळे विद्यार्थी आपापली वर्षं त्या कमानीवर ठेवून बघत होतो. माझी तेव्हा दोन वर्षं शिल्लक होती तारुण्याची. मोठ्या मनाचा माणूस, असं वाटलं. मग लक्षात आलं की दान्ते स्वतः छप्पन्नाव्या वर्षी गेला. ज्या शेवटच्या भागाबद्दल त्याने इतक्या मायेने लिहिलं आहे, बंदर जवळ आल्यावर नावाडी शिडं हळूहळू उतरवतो तसं म्हातारपण असावं असं, तिथवर त्याची नाव पोहोचलीच नाही.

वाढदिवसाला ‘कोंप्लेआन्नो’ म्हणतात, वर्ष पुरं होण्याचा दिवस. इटालियन माणूस वाढदिवशी वर्षं ‘पुरी करतो’, काम संपवल्यासारखी. आपला तो वाढ दिवस, साठीतही वाढच. पण आईच्या मराठीत एक तिसराच हिशेब आहे. गेल्या वाढदिवशी तिचा फोन आला. ‘पन्नासावं लागलं गं तुला.’ मी म्हटलं, अगं एकोणपन्नास. ‘एकोणपन्नास झाली. संपली. आता पन्नासावं नाही का?’ ती चूक नव्हती. इटालियन मागे बघून मोजतात, पदरात पडलेली तेवढी. आई पुढचं पाऊल कुठल्या पायरीवर पडलंय ते मोजते. त्या वर्षभर मी दिवसा एकोणपन्नास आणि फोनवर पन्नास अशी राहिले.

म्हाताऱ्याला साधा शब्द ‘वेक्यो’. पण तो तोंडावर वापरायचा नाही. बसमधल्या राखीव जागेवर ‘आंझ्यानी’ लिहिलेलं असतं, आपल्या ‘ज्येष्ठ नागरिक’सारखं इस्त्री केलेलं. गंमत म्हणजे पेन्शनच्या कागदांवर सरकारला ही भीड नाही. सदुसष्टाव्या वर्षी मिळते ती पेन्शन सरळ ‘म्हातारपणाची पेन्शन’. पैसे देणाऱ्याला गोड बोलावं लागत नसावं. ‘वेक्यो’ला प्रत्यय लावत गेलं की तो मवाळ होतो. वेक्येत्तो, वेक्यारेल्लो, म्हणजे म्हातारबुवा, म्हातारोबा या चालीवर. आणि एक विशेषण आहे जे फक्त म्हाताऱ्यांसाठीच राखून ठेवल्यासारखं वापरतात, ‘आर्झिल्लो’. वीस वर्षांच्या पोराला कुणी आर्झिल्लो म्हणणार नाही. शब्दकोशात त्यापुढे तीन-चार अर्थ दिलेत, पण मला वाचताक्षणी कळलं होतं. टुणटुणीत! आपल्याकडेही तरणा पोरगा टुणटुणीत नसतो. तो मान म्हाताऱ्यांचाच, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीपासूनचा.

बोलोन्याने तर म्हाताऱ्यांसाठी एक जातच शोधून काढली. ‘ऊमारेल.’ इथल्या बोलीत मूळ अर्थ नुसता ‘छोटा माणूस’. पण दानिलो मासोत्ती नावाच्या इथल्या लेखकाने तो पेन्शनीत निघालेल्या त्या विशिष्ट पुरुषांना चिकटवला, जे कुठेही रस्ता खणायला घेतला की कठड्यापाशी उभे राहतात, हात पाठीमागे बांधून, आणि मान हलवत बघत असतात. ‘हा पाइप इथे टिकणार नाही.’ शब्द देशभर गेला, 2021च्या झिंगारेल्ली शब्दकोशात बसला, आणि आता टेबलावर ठेवायला हात मागे बांधलेला प्लॅस्टिकचा छोटा म्हातारासुद्धा विकत मिळतो. तुमचं काम चालू असताना तो मागून बघत राहतो. मला हे लोक अनोळखी वाटलेच नाहीत. आमच्या गावात बोअर मारायची गाडी आली की पारावरचे सगळे असेच उठून जायचे. यंत्राचा खडखडाट, पांढरी भुकटी उडते आहे, आणि धोतराच्या सोग्याने नाक झाकून कुणीतरी म्हणतंय, ‘हितं नाय लागायचं पाणी.’ लागलं तरी मत बदलायचं नाही.

या मुलखात जुनं होण्याला बाजारात भाव आहे, हेही खरं. चीजला बारा महिने कोठारात ठेवल्याशिवाय पार्मिज्यानो हे नाव लागत नाही. चोवीस, छत्तीस महिन्यांचं असलं की दुकानदाराचा सूरच बदलतो. माणूस छोट्या हातोडीने त्या चाकाएवढ्या वड्या ठोकून आत पोकळी आहे का ते कान लावून ऐकतो, आपण कलिंगड ऐकतो तसं. शेजारच्या मोदेनात माळ्यावर लहान-मोठ्या पिंपांची उतरंड लावून द्राक्षरसाचा शिरका मुरत ठेवतात. मोठ्या पिंपातून धाकट्यात, धाकट्यातून त्याच्याहून धाकट्यात, दरसाल थोडा थोडा. बारा वर्षांच्या आत बाटलीत भरायचा नाही, आणि पंचविशी उलटली की त्याला ‘एक्स्त्रावेक्यो’ ही पदवी. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपं मांडायची घरं होती म्हणे. मी तिथल्या एका माळ्यावर उभी होते, आंबट-गोड वासाने डोळे चुरचुरत होते, आणि मनात आजीच्या फडताळातली दादऱ्याने तोंड बांधलेली बरणी होती. लिंबाचं काळं पडलेलं लोणचं, आजाऱ्याशिवाय कुणाला न मिळणारं. मुरलं, हा शब्द मी त्या मार्गदर्शक मुलाला समजावायचा प्रयत्न केला. लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं, राजकारणी मुरलेला असतो. तो म्हणाला, मग माणसाला ते चांगल्या अर्थाने म्हणतात की वाईट? त्यालाही मी नीट उत्तर दिलं नाही.

पण शिरका आणि माणूस यांत फरक आहे, हे सिन्योरांना कुणी सांगायला नको. गुडघा जास्त दुखत असेल त्या दिवशी खुर्चीतून एकच वाक्य येतं, ‘ला वेक्याया ए उना ब्रुत्ता बेस्त्या.’ म्हातारपण म्हणजे ओंगळ जनावर. इथे सगळेच म्हणतात हे, पावसाबद्दल बोलावं तसं. गेली दोन वर्षं त्यांच्याकडे दुपारी एक मोल्दोवाची बाई येते. अशा बायकांना ‘बादांते’ म्हणतात, लक्ष ठेवणारी. तिची स्वतःची आई तिकडे एकटी आहे, तिच्याकडे लक्ष ठेवायला शेजारीण. हे तिने मला एकदा कपडे वाळत घालता घालता सांगितलं आणि चिमटे तोंडात धरून पुढचा टॉवेल झटकला. मी माझ्या आईबद्दल काही बोलले नाही.

वेनिसला आकाद्देमियाच्या संग्रहालयात जोर्जोनेने पाचशे वर्षांपूर्वी काढलेली एक म्हातारी आहे. नावही तेवढंच, ‘ला वेक्या’. मी दुसरंच काही बघायला गेले होते आणि तिच्यापाशी अडकले. डोक्याला पांढरी टोपी, तिच्यातून सुटलेल्या विरळ बटा, खांद्यावर झालरीचं पांढरं कापड, तोंड अर्धवट उघडं आणि आत उरलेसुरले दात. काहीतरी बोलता बोलता तुमच्याकडे वळलीय. एका हाताने स्वतःच्या छातीकडे बोट करते आहे, आणि त्याच हातातल्या कागदाच्या पट्टीवर दोनच शब्द, ‘कोल तेंपो’. काळाबरोबर. काळाने. कालांतराने. मराठीत कुठली विभक्ती लावावी यावर मी परतीच्या गाडीत बोलोन्यापर्यंत घोळ घातला. ‘काळाबरोबर’ म्हटलं तर दोघं जोडीने चाललेत. ‘काळाने’ म्हटलं तर त्याने हिला हे केलं. चित्रकाराला कुठलं हवं होतं कोण जाणे. ती बाई मात्र रडत नव्हती. ‘मला किती देता?’ हेच विचारत होती, असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात तिला पाच वर्षं कमी दिली.

गेल्या शरदात आई आली. व्हिसाच्या अर्जात जन्मतारीख 1 जून 1951. महाराष्ट्रातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जूनला का असतो, हे इथल्या लोकांना समजावणं अवघड. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी पोराकडे बघायचे, डोक्यावरून हात नेऊन विरुद्ध बाजूचा कान पकडायला लावायचे आणि तारीख टाकायचे. आजी सांगायची की आई गौरी जेवल्या त्या दिवशी झाली. कुठल्या सालच्या गौरी, ते आजीलाही सांगता यायचं नाही. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे 1967च्या डिसेंबरात, आई साडी नेसायला लागली होती आणि अंगणात झोपायला मिळालं म्हणून खूश होती. आमच्या पाटण तालुक्यात वय असंच मोजत, भूकंपाआधी किती आणि नंतर किती. एसटीत पंचाहत्तरीला पूर्ण तिकीट माफ झाल्यापासून मात्र आईची गुरुजींवर तक्रार आहे. ‘दोन वर्षं वाढवून लिहिली असती तर त्यांचं काय जात होतं?’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी खाली उतरत होतो. जकात नाक्यावर सिन्योरा हजर. आईने नमस्कार केला, त्यांनी दोन्ही हातांनी आईचा हात धरला. आणि दोन मिनिटांत, मला वाटलंच होतं, मान तिरकी झाली. ‘क्वांती मे ने दा?’

‘काय म्हणतीय?’

‘विचारतायत, मला किती वर्षं देता.’

आईने त्यांना बाजारात वांगी बघावीत तसं खालून वर पाहिलं. केस, गळ्यापाशी सैल पडलेली कातडी, मग बराच वेळ हात. ‘असंल सत्तरीची. लई तर बाहत्तर.’

मी सांगितलं. छाती पुढे आली, आवाज बारीक झाला. अडतीस सालचा जन्म. शहरावर बॉम्ब पडत होते तेव्हा आईचा पदर धरून तळघरात पळायच्या. युद्ध संपलं त्याच्या आधी सात, नंतर ऐंशी. ‘आमची लोखंडी तुकडी,’ त्या म्हणाल्या. इथे एका सालात जन्मलेले स्वतःला असंच म्हणवतात, पूर्वी सगळी पोरं सालाप्रमाणे सैन्यात भरती व्हायची त्या हिशेबाने. मी आईला तुकडीचं सांगितलं, तळघराचं सांगितलं. आईने मान हलवली. ‘म्हणजे हिचाही भूकंपच.’ मग पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता, थेट त्यांच्याकडे बघत म्हणाली, ‘आता विचार तिला, मला किती देतेस?’

सिन्योरांनी चष्मा वर सरकवला. विचार करायला वेळ घेतला. बंद मुठीतून आधी अंगठा बाहेर काढला, मग एकेक बोट, दशकं मोजत असाव्यात. आईने ते पाहिलं आणि तिचाही अंगठा आपोआप करंगळीच्या खालच्या पेरावर गेला.

‘अगं, पण खरी किती आहेत?’ मी विचारलं.

‘थांब जरा,’ आई म्हणाली. अंगठा अनामिकेवर पोहोचला होता. ‘गौरी, मग भूकंप, मग तू…’

वरून कुणीतरी उतरत होतं. आम्ही भिंतीला चिकटून वाट दिली, आणि त्या माणसाला जाऊ देताना सिन्योरांनी बाहेर काढलेली बोटं मिटली नाहीत.